कुरडया वाळल्या की डोंगर बंद

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. आमच्या घरात ज्याला मोदक म्हणतात तो खायचा नाहीये, चढायचा आहे. साउथ आयलंडच्या पाठीवरून बर्फाची जी लांबलचक रांग गेलीये ना, त्यातलं ते एक शिखर. खाली फुगीर, वर टोकदार, आणि बाजूंना कळ्या पाडल्यासारख्या धारा. दादाने त्याचा फोटो फ्रिजवर लावला, त्या दिवशी आई चहासाठी दूध काढता काढता थबकली आणि म्हणाली, "हा मोदक कुणी केलाय? एक कळी चुकलीये."

झालं! त्याला माओरी नाव आहे, इंग्रजी नाव आहे, नकाशावर दोन्ही छापलेली आहेत. पण आमच्या घरात तेव्हापासून मोदक तो मोदकच.

घर म्हणजे क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये, भाड्याचं. दादा सॉफ्टवेअरमध्ये, मी पुलांची डिझाइन्स करणाऱ्या एका ऑफिसात सगळ्यात ज्युनिअर, आणि उन्हाळाभर राहायला पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा आल्याच्या आठवड्यातच इथले होऊन गेले. सकाळी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) जायचं, वाटेत दिसेल त्याला "किया ओरा" असा नमस्कार करायचा, कुत्र्यांनाही. आणि या घरातली त्यांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथल्या जुन्या घरांत असतं तसं, आत टाकी, वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या. त्या फळ्यांवर आम्ही टॉवेल ठेवतो. आंघोळ झाली की बाबा त्यातला ऊबदार टॉवेल गालाला लावून म्हणणार, "बघ, याला म्हणतात विकसित देश."

तर मोदक. तो मला आणि दादाला चढायचा होता, त्या चुकलेल्या कळीवरूनच. ती खरी वाट आहे, शप्पथ. बर्फाची धार, काही ठिकाणी इतकी अरुंद की एक पाऊल या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना खाली काही म्हणजे काहीच नाही. तिथे वारा आला तर लपायला एक दगड नाही. म्हणून या डोंगरात तुमची ताकद, तुमचे बूट, तुमची हौस हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: हवा आहे का?

आणि आमच्यासाठी कधीच नसायची! एका उन्हाळ्यात आम्ही खालच्या हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या झोपडीत, पत्ते खेळून परत आलो. दुसऱ्या उन्हाळ्यात तर पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर पाऊस असा बदाबदा पडत होता की दादाने दरवाजाही उघडला नाही. आम्ही गाडीत बसून आईच्या रेसिपीने केलेले मेथीचे ठेपले खाल्ले आणि गाडी वळवली.

हा तिसरा उन्हाळा. आणि याच उन्हाळ्यात दादाला ब्रिस्बेनला नोकरी लागली. म्हणजे चांगलं झालं, खूपच चांगलं झालं, पण ब्रिस्बेन! तिथे बर्फ फक्त फ्रीजरमध्ये. फेब्रुवारी संपता संपता त्याचं विमान होतं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, "तू मोदक न चढता गेलास ना, तर मी तुझी आइस अ‍ॅक्स विकेन."

"माझ्याशिवाय कुणाबरोबर चढणारेस?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना, येड्या!"

तो हसला, पण मग फ्रिजसमोर उभा राहून बराच वेळ फोटो बघत होता. त्याला डोंगर मी शिकवलेला नाही, मला त्याने शिकवला. सिंहगडावर मी रडत बसले होते, तेव्हा पाठीवर घेणारा तोच. आता दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरं कुणीतरी असणार, ही कल्पनाच मला करवत नव्हती. म्हणून चढायचा तर आत्ता, याच्याबरोबर, हे विमान जायच्या आत.

आणि नेमक्या त्याच महिन्यात आईने कुरडया घालायला काढल्या.

का, तर दादा एकटा जाणार, मी एकटी राहणार, आणि दोघांचे डबे भरल्याशिवाय ती पुण्याच्या विमानात बसणार नव्हती. सोऱ्या तिने पुण्याहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेला. गहू रिकार्टनच्या इंडियन दुकानातून. आता कुरडया म्हणजे काही मूड आला आणि केल्या असं नसतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा, मग तो शिजवायचा, गरम गरम सोऱ्यात घालून कपड्यावर गोल गोल पाडायचा, आणि मग ऊन. कडकडीत ऊन. म्हणजे गहू पाण्यात टाकतानाच पुढच्या चार दिवसांची हवा माहीत पाहिजे!

लक्षात येतंय ना? एका घरात दोन पार्ट्या हवामानावर डोळे लावून बसलेल्या. आणि दोघांना हवी असलेली हवा एकदम उलटी.

हे मी सांगतेच, कारण हे कळायला मला स्वतःला तीन वर्षं लागली. इथे समुद्रावरून वायव्येचा वारा आला की तो आधी डोंगरांवर आदळतो. सगळा पाऊस, सगळं वादळ तिकडे ओततो. मग डोंगर ओलांडून आमच्याकडे उतरतो तेव्हा त्याच्यात थेंबभर पाणी उरलेलं नसतं. गरम, कोरडा, केस सुकवायच्या मशीनसारखा. क्राइस्टचर्चमध्ये लोक शर्ट काढून फिरतात, पश्चिमेला आकाशात ढगांची एक मोठी कमान दिसते, आणि त्या कमानीखाली, डोंगरात, माणूस उभा राहू शकत नाही. आणि उलट, पूर्वेचा वारा असला की आमच्याकडे राखाडी आभाळ, भुरभुर पाऊस, स्वेटर. पण ते ढग डोंगरापर्यंत पोचतच नाहीत. तिकडे निळंशार आकाश, रात्री कडाक्याची थंडी, बर्फ सिमेंटसारखा घट्ट.

थोडक्यात, कुरडया वाळल्या की डोंगर बंद. कुरडया ओल्या की डोंगर चालू.

हे आधी दादाच्या लक्षात आलं. आईने पहिल्यांदा कुरडया घातल्या त्या दिवशी नॉर्थवेस्टर होता. मागच्या लॉनवर दोन जुन्या चादरी अंथरल्या होत्या, आणि दुपारपर्यंत कुरडया वाळून खडखड वाजायला लागल्या. आई इतकी खूश! "पुण्यात एप्रिलमध्ये असं ऊन नसतं गं." आणि मग वाऱ्याचा एक झोत आला, आणि चादरीसकट दहा-पंधरा कुरडया कुंपणावरून शेजारी. थोड्या वेळाने शेजारच्या बाई दोन्ही तळहातांवर एक कुरडई अलगद घेऊन आल्या. चेहरा एकदम दुःखी. त्यांना ते पक्ष्याचं घरटं वाटलं होतं. अंडी कुठे पडली असतील या काळजीत होत्या बिचाऱ्या. आईने त्यांना आत बोलावून ते घरटं तळून खायला घातलं. आता त्या वारा सुटला की कुंपणापाशीच उभ्या असतात.

त्याच संध्याकाळी दादाने लॅपटॉपवर बघितलं, तर मोदकावर तेव्हा वादळ. त्याने आईला विचारलं, "आई, पुढची बॅच कधी?" पुढची बॅच घातली तेव्हा पूर्वेचा वारा. कुरडया दिवसभर लिबलिबीत. मोदकावर? तिकडच्या वेबकॅममध्ये दिसत होतं, अख्ख्या रांगेवर ढगाचा ठिपका नाही! दादा खुर्चीतून उठलाच. "हे मॉडेल आहे! सगळ्या अ‍ॅप्सपेक्षा भारी आहे!"

"माझ्या कुरडयांना बुरशी येतीये आणि तू नाचतोयस?" आई म्हणाली.

"आई, तुझ्या कुरडया म्हणजे सायन्स आहे."

"सायन्स असू दे. तळल्यावर फुलणार नाही ते सायन्स."

त्यानंतर घरात शीतयुद्धच. सकाळी मी पडदा सरकवून आभाळ राखाडी दिसलं की "येस!" म्हणायचे आणि किचनमधून आवाज यायचा, "कोण म्हणालं येस?" बाबा मध्यस्थ. ते दोन्ही बाजूंना सांगायचे, "होईल होईल, तुमच्या मनासारखं होईल." हे कसं शक्य होतं ते त्यांनाच माहीत.

आणि मग ती आली! हवा! मोठा, आळशी हाय प्रेशर देशावर येऊन बसणार, पूर्वेचा वारा, डोंगरात सलग चांगले दिवस. दादाच्या ऑफिसचा शेवटचा आठवडा संपलेला, मी रजा टाकली, बॅगा भरल्या. आणि किचनच्या ओट्यावर आईचे तीन दिवस भिजलेले गहू वाटून, गाळून झालेले. ती शेवटची बॅच, सगळ्यात मोठी. चीक आंबट वास मारत होता. थांबवता येत नव्हता.

आई सोऱ्या पुसत होती. बाहेर भुरभुर चालू. मी दोर गुंडाळत होते. 

शेवटी तीच म्हणाली, "जा. तुमचं एकदा होऊन जाऊ दे. माझं मी बघते." मग डबा पुढे केला. "यात लाडू आहेत. वर गेल्यावर खा. खाली नाही, वर."

दादाने बाबांना सॅटेलाइटचं काम समजावलं. आमच्याकडे ती एक छोटी डबी असते, जिथे फोन लागत नाही तिथेही मेसेज येतात-जातात. फक्त मेसेज आखूड लिहायचा. दादाने तीनदा सांगितलं, "बाबा, आखूड. हवेचं काही असेल तर तेवढंच."

"समजलं," बाबा म्हणाले आणि पहिला टेस्ट मेसेज पाठवला: "चि. दोघांना अनेक आशीर्वाद. मेसेज आखूडच लिहीन. काळजी नसावी."

दोन दिवस चालून आम्ही वरच्या हटवर पोचलो. ते चालणं मी इथे सांगत बसत नाही, पण शेवटच्या हिमनदीवरून जाताना भेगा इतक्या उघडलेल्या होत्या की आम्ही दोर ताणून, एकमेकांपासून लांब, अगदी मांजरासारखे चाललो. हटमध्ये अजून दोघीच होत्या. साठीच्या पुढच्या दोन बायका, दोघी रिटायर्ड, उन्हाने लालबुंद, एकीच्या नाकावर पांढरं क्रीम. शाळेपासूनच्या मैत्रिणी म्हणे. त्यांनी आम्हाला चहा दिला, आम्ही त्यांना लाडू नाही दिले कारण ते वर खायचे होते. दादाने चिवडा दिला.

संध्याकाळी रेडिओवर हवामान. उद्या सकाळ छान, पण वायव्येकडून एक फ्रंट, म्हणजे वादळाची फळी, येतोय, उद्या रात्री किंवा परवा. मग रेडिओवरचा आवाज जरा थांबला आणि म्हणाला, वेळेचा अंदाज पक्का नाही, लवकरही येऊ शकतो.

"लवकर म्हणजे?" मी विचारलं.

क्रीमवाल्या आजींनी खांदे उडवले. "सकाळी आभाळ बघायचं आणि ठरवायचं. स्वीट अ‍ॅज." म्हणजे टेन्शन नाही.

सकाळी आभाळ म्हणजे वेड लावणारं होतं. उजाडताना आम्ही धारेच्या पायथ्याशी होतो. बर्फ असा घट्ट की बुटाखालचे काटे खचकन बसत होते आणि आवाज असा येत होता जसा कुणी खडीसाखर चावतंय. वारा जवळजवळ नाही. दोघी आज्या आमच्या पुढे, टुकटुक चालल्यात. आम्ही धारेवर चढलो. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मी मोठ्याने गाणं म्हणत होते, कारण मी घाबरले की गाते.

"गाऊ नकोस," दादा म्हणाला, "बर्फ कोसळेल."

"असं काही नसतं."

"तुझ्या आवाजाने असतं."

आणि तेवढ्यात दादाला लांब पश्चिमेला एक ढग दिसला. छोटासा, चपटा, भिंगासारखा. तसले ढग वर वारा असला की होतात. एकच होता. आम्ही थांबलो. म्हणजे असा एकटा ढग दिवसभर तसाच बसतो, किंवा तासाभरात त्याची सगळी भावकी येते. दोन्ही होतं.

आणि नेमकी तेव्हाच डबी वाजली. पिक्.

दादाने हातमोजा दातांत धरून काढला आणि वाचलं: "चि. दोघांना अनेक आशीर्वाद. कुरडया कडकडीत वाळल्या. आई फार खूश. जपून."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"कडकडीत," मी म्हणाले.

"कडकडीत म्हणजे किती?"

"अरे, कडकडीत म्हणजे कडकडीत! बाबा उगाच कशाला लिहितील?"

"सकाळी सकाळी वाळल्या म्हणजे वारा काल रात्रीच पोचला तिकडे. फ्रंट लवकर आलाय. बाप रे." दादा त्या भिंगाकडे बघत होता. "मॉडेल एकदाही चुकलेलं नाही."

"वर अजून किती आहे?"

"आहे बरंच. आणि तिथे वरती सापडलो तर लपायला..."

"माहितीये."

  त्या चुकलेल्या कळीवर आम्ही दोघं उभे, वर ते टोक उन्हात असं चमकतंय जसं कुणी तूप सोडलंय, आणि मला फक्त विमान दिसत होतं. मला म्हणायचं होतं, चल ना, काय होतंय! पण आपण दोराला बांधलेलो असतो तेव्हा असं म्हणायचं नसतं, हे त्यानेच शिकवलेलं. ज्याला उतरावंसं वाटतं त्याचं ऐकायचं, वाद नाही.

"उतरू या," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता की मला रडूच आलं. गॉगल होता म्हणून बरं.

पुढे आज्या थांबल्या होत्या. क्रीमवाल्या आजींनी वळून ओरडून विचारलं, "ऑल गुड?"

 दादा इंग्रजीत ओरडला, "आमच्या आईचे नूडल्स वाळलेत!"

 मग वरून आवाज आला, "राइट-ओ!" आणि त्या दोघी शांतपणे पुढे चढायला लागल्या.

आम्ही हटवर आलो. आणि वादळाची वाट बघत बसलो. बसलो म्हणजे दारातल्या लाकडी पायरीवर, उन्हात. आधी जॅकेट काढलं. मग स्वेटर काढला. मग दादाने मोजे काढून दगडावर वाळत घातले. तो भिंगासारखा ढग केव्हातरी विरून गेला. मोदक समोर उभा होता, टोकावर बर्फाचा धूर नाही, एक कण उडत नाही. एक पाखरू येऊन दादाच्या बुटाची लेस ओढून गेलं. म्हणजे किआ, तो आगाऊ हिरवा पोपट. त्यालाही कळत होतं की हे दोघं रिकामटेकडे आहेत.

"येतंच असेल," दादा म्हणाला.

"काय?"

"वादळ."

दुपारी वादळाऐवजी दोघी आज्या आल्या. नाचतच! क्रीम पार वितळलेलं, हसू कानापर्यंत. माथ्यावर पाऊण तास बसलो म्हणे, जाकिटं काढून सँडविच खाल्ली, इतकं शांत होतं. मग त्यांना आमचे चेहरे दिसले आणि क्रीमवाल्या आजींनी हळूच विचारलं, "आणि... नूडल्स कसे आहेत?"

दादाने डबी उचलली आणि टाइप केलं: "आई, तिकडे वारा किती आहे?"

उत्तर यायला वेळ लागला. "चि. दोघांना अनेक आशीर्वाद. वारा कुठला? चार दिवस भुरभुर. आई म्हणते सूर्य विसरले."

"मग कुरडया कुठे वाळल्या???"

पुन्हा वेळ. मी दादाच्या खांद्यावरून बघत होते. पिक्.

"चि. दोघांना अनेक आशीर्वाद. गरम पाण्याच्या कपाटात. आईची आयडिया. टॉवेल काढून बाहेर दोरीवर टाकलेत. माझे हाल."

मी आयुष्यात दादाला असं कधी बघितलं नव्हतं. तो आधी डबीकडे बघत राहिला, मग मोदकाकडे, मग पायरीवर आडवा झाला आणि तोंडावर टोपी घेतली. टोपीखालून आवाज आला, "मॉडेलमध्ये कपाट नव्हतं."

मला हसू आवरेना. मग त्यालाही. आज्यांना सगळं समजावून सांगताना तर मला बोलताच येईना. त्या दोघी इतक्या हसल्या की एकीने डोळे पुसले आणि म्हणाली की चाळीस वर्षं डोंगरात फिरतेय, माघारी फिरायची कारणं खूप ऐकली, पण कपाट पहिल्यांदा.

पण हसून झालं आणि दादाने परत बॅगेतलं जेवण मोजलं. कारण आमच्याकडे एकच दिवस उरला होता. जेवण तेवढंच होतं, आणि विमान थांबणार नव्हतं. संध्याकाळी आम्ही चौघं रेडिओला चिकटून बसलो. रेडिओ म्हणाला, फ्रंट समुद्रावरच रेंगाळलाय. उद्या सकाळी डोंगरात हवा स्वच्छ, दुपारनंतर वायव्येचा वारा वाढत जाईल. म्हणजे सकाळ आपली. पण दुपार किती वाजता सुरू होते, हे कुणी सांगत नाही.

दादा विचार करत होता. मग त्याने टाइप केलं: "बाबा, उद्या उठल्यावर लगेच आणि मग दर तासाला सांगा. दोरीवरचे टॉवेल ओले की कोरडे. कुरडया नको. फक्त टॉवेल. हात लावून बघा."

उत्तर आलं: "चि. दोघांना अनेक आशीर्वाद. समजले. आई म्हणते ती बघेल, मला ओलं-कोरडं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या खडीसाखरेवर होतो. आदल्या दिवशीच्या आमच्याच पावलांचे ठसे गोठून पायऱ्या झाल्या होत्या. जिथून वळलो होतो त्या जागी दादा थांबला, डबी काढली. पिक्.

"चि. दोघांना अनेक आशीर्वाद. टॉवेल चिंब. आई वैतागली."

माझ्या आयुष्यात कुणाच्या वैतागाचा मला इतका आनंद झाला नसेल! मी ओरडलेच. दादाने फक्त दोर हलवला, म्हणजे चल.

वरचा भाग कसा होता ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. एकेक पाऊल. आइस अ‍ॅक्स रोवायची, हलवून बघायची, मग पाय. मध्ये निळा कडक बर्फ लागला, काटे जेमतेम टोचायचे. तिथे मी गाणंसुद्धा म्हटलं नाही. तिथे डबी वाजली आणि दादाने लगेच बघितली नाही, आधी आम्ही दोघं तेवढा तुकडा पार केला. मग त्याने मोठ्याने वाचलं, "टॉवेल चिंब. मला जुना टॉवेल दिला." अनेक आशीर्वाद त्याने गाळले होते.

आणि मग वर जायला काही उरलंच नाही.

मोदकाचं टोक आमच्या किचनच्या ओट्याएवढं आहे. सिरियसली, तेवढंच. दोघं उभे राहिलो तर एकाने कोपरं आवरायची. पश्चिमेला समुद्र दिसत होता! आणि पूर्वेला, लांब खाली, आमच्याकडच्या मैदानावर ढगांची पांढरी चादर पसरलेली, आणि त्या चादरीखाली कुठेतरी आई टॉवेल चाचपत होती.

दादाने भाषण तयार केलं होतं, मला नक्की माहितीये, कारण आदल्या रात्री तो पुटपुटत होता. त्याने गॉगल वर केला, घसा खाकरला आणि म्हणाला, "हे बघ, आता मी तिकडे गेलो तरी तू..."

पिक्.

"टॉवेलच्या कडा वाळल्या. आई म्हणते वारा फिरला. उतरा."

आशीर्वाद नव्हते! बाबांनी पहिल्यांदाच थेट मुद्द्याला हात घातला होता. आम्ही पश्चिमेला बघितलं. समुद्रावर एक नाही, भिंगांची रांगच रांग.

"भाषण?" मी विचारलं.

"लाडू खा आणि चल!"

म्हणून माथ्यावर आम्ही काय केलं, तर तोंडात एकेक अख्खा लाडू कोंबला आणि उतरायला लागलो. फोटोत आम्हा दोघांचेही गाल फुगलेले आहेत. तोच एक फोटो आहे.

हिमनदीच्या पलीकडे येईपर्यंत वाऱ्याने पाठीत धक्के द्यायला सुरुवात केली होती. हटचं दार ओढून घेतलं आणि बाहेर जे काही सुरू झालं ते रात्रभर थांबलं नाही. मध्येच बाबांचा मेसेज: "चि. दोघांना अनेक आशीर्वाद. टॉवेल कडकडीत. एक शेजारी उडाला."

वाटेत फोनवर सगळं सांगून झालं होतं, त्यामुळे घरी पोचलो तेव्हा आईने काही विचारलं नाही. कढई आधीच तापलेली होती. तिने कपाटातली एक कुरडई तेलात सोडली आणि ती अशी फुलली की कढईत मावेना. दादा ती तोडत म्हणाला, "यांच्यामुळे एक अख्खा दिवस वाया गेला, माहितीये ना?"

"वाया कसा? आज्यांनी वाट करून ठेवली ना तुमच्यासाठी," आई म्हणाली. "आणि मी विचारणार होते, टॉवेलचं कसं काय वाटलं? मी चारी कोपरे बघत होते."

दादा आता ब्रिस्बेनला आहे. आई-बाबा पुण्याला. परवा दादाने बाल्कनीचा फोटो पाठवला. दोरीवर टॉवेल, चड्ड्या, टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, सगळं एकदम कडक. खाली लिहिलं होतं, "इथे रोजच सगळं वाळतं. काही अंदाजच येत नाही."

मी मागच्या दारात गेले. भुरभुर चालू होती. फ्रिजवर मोदकाशेजारी मी आता दुसरा एक डोंगर लावलाय, आणि क्रीमवाल्या आजींनी दोनदा विचारलंय येतेस का, मी दोन्ही वेळा काहीतरी काम सांगितलंय. दोरीवरचा टॉवेल पिळून बघितला, पाणी गळलं. तेवढंच दादाला कळवलं: "इकडे चिंब."

लगेच उत्तर. पिक्.

"मग घरात काय करतेयस?"